लहान शहराची वाढ : नवे प्रकल्प शोधण्याआधी आहे त्या जमिनीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा : लाख-दीड लाख वस्तीचं शहर आहे. जुन्या पेठेतले गाळे रिकामे होत चाललेत, बाह्यवळण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र प्लॉट पडतायत आणि शोरूम उभ्या राहतायत. शिकलेली मुलं बाहेर जातात. पगार भागवून पालिकेच्या तिजोरीत फारसं काही उरत नाही. अशा वेळी जमीन आणि करसवलत देऊन एखादा मोठा उद्योग आणावा, की 'स्मार्ट ग्रोथ'च्या वाटेने जावं? आणि जायचं तर पहिल्या दोन-तीन वर्षांत नेमकं काय करायचं?

ज्या जमिनीपर्यंत पाणी, गटार आणि रस्ता आधीच पोचलाय ती जमीन, आणि जे धंदे आधीच चालू आहेत ते धंदे, या दोन गोष्टींवर पहिली तीन वर्षं घालवा. मोठा उद्योग दारात आला तर बोलणी जरूर करा (कशी, ते पुढे आहे), पण त्याच्या आशेवर शहराचा आराखडा बेतू नका.

स्मार्ट ग्रोथचा सेन्सर, कॅमेरे आणि ॲपशी संबंध नाही. शहर कुठे आणि किती दाट वाढू द्यायचं, याचा तो विचार आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने १९९७ साली याचा कायदा केला. रस्ते, पाणी, सांडपाणी यांसाठीचा राज्याचा पैसा ठरवून दिलेल्या क्षेत्रांतच खर्च करायचा, असा त्याचा गाभा. त्या क्षेत्राबाहेर बांधायला बंदी नव्हती, फक्त सरकारी पैसा मिळणार नव्हता. लहान पालिकेने यातून हीच गोष्ट उचलावी. मनाई करायला अधिकार लागतात आणि ते बहुधा वरच्या सरकारकडे असतात. आपली जलवाहिनी कुठवर जाईल हे ठरवणं मात्र आपल्या हातात असतं.

आता कामाला लागू. पहिलं काम म्हणजे हेक्टरी उत्पन्नाचा नकाशा. मालमत्ता कराची नोंदवही घ्या, प्रत्येक मिळकतीची वार्षिक आकारणी तिच्या भूखंडाच्या क्षेत्रफळाने भागा आणि येणारा आकडा नकाशावर रंगाने दाखवा. क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं फुकट सॉफ्टवेअर त्याला पुरतं. यात तीन चुका हमखास होतात. एक, बांधीव क्षेत्राने भागलं जातं. मग शोरूमपुढचं प्रशस्त मोकळं पार्किंग हिशेबातून निसटतं आणि शोरूम उगाच भारी दिसते. भाजक नेहमी जमिनीचाच हवा. दोन, एकाच भूखंडावर बारा फ्लॅट असतील तर बारा आकारण्यांची आधी बेरीज करायची आणि मग एकदाच भागायचं. प्रत्येक फ्लॅटला पूर्ण भूखंडाने भागलं की दाट वस्ती विनाकारण गरीब ठरते. तीन, आकारणी आणि वसुली एकत्र केली जाते. नकाशा आकारणीवर काढा, थकबाकीचा वेगळा स्तंभ ठेवा, करमाफ मिळकती राखाडी रंगात दाखवा. कराचा मिळकत क्रमांक आणि भूमापनाचा क्रमांक यांचा मेळ बसत नाही, ही अडचण जवळपास सगळीकडे येते. म्हणून सगळं शहर एकदम घेऊ नका. जुनी पेठ आणि बाह्यवळण रस्त्यालगतचा एक प्रभाग, एवढ्या दोनच तुकड्यांवर सुरुवात केली तरी पुरेसं कळतं.

काय कळतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या ॲशव्हिल या लहान शहराचं. तिथल्या जो मिनिकोझी या नगररचनाकाराने दोन मिळकती शेजारी शेजारी मांडल्या. शहराच्या कडेचं वॉलमार्ट (एका साखळीचं महादुकान) ३४ एकरांवर पसरलेलं होतं आणि त्यातून एकरी सुमारे ६,५०० डॉलर मालमत्ता कर येत होता. शहराच्या मध्यात बरीच वर्षं ओस पडलेलं एक जुनं डिपार्टमेंट स्टोअर दुरुस्त करून खाली दुकानं, वर कार्यालयं आणि घरं केली होती. त्या इमारतीची जागा ०.१९ एकर, पण एकरी हिशेबाने कर सुमारे ६,३४,००० डॉलर. नोकऱ्यांचं प्रमाणही तसंच : वॉलमार्टमध्ये एकरी सहाच्या आसपास, जुन्या इमारतीत एकरी सत्तरच्या वर. एकूण रकमेत वॉलमार्ट मोठा करदाता दिसतो, आणि सभागृहात बहुतेक वेळा तेवढीच रक्कम वाचून दाखवली जाते.

उत्पन्नाच्या नकाशावर खर्चाचा थर चढवला की चित्र पुरं होतं. इथे साध्या भागाकारानेही काम होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना १२ मीटर रुंदीचे भूखंड असतील तर एक किलोमीटर रस्त्यावर साधारण १६५ भूखंड बसतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ६ मीटर रस्ता, ६ मीटर जलवाहिनी, ६ मीटर गटार. भूखंडाची रुंदी ३० मीटर केली की भूखंड होतात ६६ आणि प्रत्येकाचा वाटा १५ मीटर. झाडलोट, दिवाबत्ती, गळती शोधणं, कचरागाडीचं डिझेल, सगळं याच अडीचपटीने वाढतं. कर मात्र अडीचपट येत नाही.

बिल्डर रस्ता, पाइप आणि दिवे स्वखर्चाने बसवून पालिकेकडे सोपवतो, तेव्हा सगळ्यांना ते फुकट मिळाल्यासारखं वाटतं. डांबरी थर १५ ते २० वर्षांत पुन्हा टाकावा लागतो, पंप साधारण तेवढ्याच काळात बदलावे लागतात, जलवाहिनी नीट टाकलेली असेल तर पन्नास वर्षं आणि त्याहून जास्तही टिकते. पहिली पंधरा वर्षं कर येत राहतो आणि मोठा खर्च होत नाही. या सुखाच्या काळात पालिका आणखी चार लेआउट मंजूर करते. मग सगळ्या लेआउटचे रस्ते एकदम उखडायला लागतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक नव्या लेआउटच्या प्रस्तावाला एक पानी तक्ता सक्तीचा करणं : तीस वर्षांत अपेक्षित कर किती, आणि पालिकेकडे येणाऱ्या प्रत्येक मालमत्तेची देखभाल आणि फेरबांधणी किती. खर्च जास्त निघाला तर मंजुरी नाकारलीच पाहिजे असं नाही. घनता वाढवा, लेआउट जुन्या वाहिनीजवळ सरकवा किंवा देखभाल निधी आगाऊ घ्या. पण हा आकडा सभागृहासमोर आलाच पाहिजे.

यानंतर आतल्या रिकाम्या जागांची यादी : मोकळे भूखंड, बंद गाळे, पडीक गोदामं, वापरात नसलेले वरचे मजले. प्रत्येकासमोर मालकाचा प्रकार (एकटा, वारसदार अनेक, संस्था, सरकार), वाद आहे का, पाण्याची जोडणी आहे का, आणि रिकामं का आहे याचं एका ओळीत कारण. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तो कार्यालयात बसून भरता येत नाही. जुन्या पेठेतले वरचे मजले रिकामे का, याचं कारण कागदावर 'मागणी नाही' असं येतं. प्रत्यक्ष जाऊन पाहिलं की पुष्कळ ठिकाणी दिसतं, की तळमजल्याच्या दुकानाने दर्शनी भाग वाढवताना जिन्याचं रस्त्याकडचं दारच गिळलंय. वर जायचं तर दुकानातून जावं लागतं. दुकान बंद झालं की वरचा माणूस अडकला. अशा मजल्यावर ना भाडेकरू टिकतो ना कर्ज मिळतं. दीड मीटरचा दर्शनी भाग परत जिन्याला देणं, शेजारच्या दोन इमारतींना मिळून एक जिना आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची दुसरी वाट करू देणं, आणि याला पालिकेने छोटं अनुदान किंवा काही वर्षांची करमाफी देणं, एवढ्यावर रस्ताभर घरं मोकळी होऊ शकतात.

नियमांचंही असंच आहे. शहरातल्या लोकांना आवडणाऱ्या दहा जुन्या इमारती निवडा आणि आजच्या बांधकाम नियमांत त्या मंजूर झाल्या असत्या का, हे कागदावर तपासा. बहुतेक अडतील : समोरचं अंतर कमी, भूखंड लहान, खाली दुकान वर घर चालत नाही, पार्किंग नाही. म्हणजे जे चांगलं चाललंय तेच आपण बेकायदा ठरवून बसलोय. यात पार्किंगची अट सगळ्यात जड. एका मोटारीला ये-जा करायच्या जागेसकट २५ ते ३० चौरस मीटर लागतात. शंभर चौरस मीटरच्या दुकानाला चार मोटारींची जागा सक्तीची केली तर दुकानाएवढी किंवा त्याहून जास्त जमीन मोटारींना गेली. जुन्या पेठेतल्या लहान भूखंडावर हे जमणारच नाही, म्हणून तो भूखंड तसाच पडून राहतो. अमेरिकेतल्या फेएटव्हिल या शहराने २०१५ साली व्यापारी वापरासाठीची किमान पार्किंगची अट शहरभर काढून टाकली, आणि या अटीपायी अडकून पडलेल्या मध्यवस्तीतल्या जुन्या इमारती पुन्हा वापरात आल्या.

पण नुसती अट काढून चालत नाही. रस्त्यावरच्या पार्किंगचं नियोजन त्याच ठरावात हवं, नाहीतर सहा महिन्यांत रहिवासी आणि दुकानदार दोघंही ओरडतात आणि अट परत येते. गर्दीच्या रस्त्यावर कोणत्याही वेळी सातपैकी एक जागा रिकामी सापडावी, म्हणजे साधारण ८५ टक्के भरलेलं, असं वेळमर्यादा आणि शुल्काने जुळवायचं. मिळालेलं शुल्क त्याच रस्त्याच्या पदपथावर आणि दिव्यांवर दिसेल असं खर्च करायचं. दुकानदार आणि त्यांचे नोकर सकाळीच आपल्या गाड्या दुकानासमोर लावतात, हे ग्राहकाला जागा न मिळण्याचं मोठं कारण असतं. त्यांच्यासाठी पाच मिनिटं चालण्याच्या अंतरावर मासिक पासची जागा आधी तयार ठेवा.

वाहनमुक्त रस्त्यांबद्दल सावध राहा. अमेरिकेतला पहिला पादचारी बाजाररस्ता कॅलामाझू शहरात १९५९ साली झाला, आणि १९९८ मध्ये त्याचा काही भाग पुन्हा वाहनांना खुला करावा लागला. त्याच देशातल्या बर्लिंग्टनचा चर्च स्ट्रीट १९८१ पासून पादचाऱ्यांचा आहे आणि उत्तम चालतो. स्पेनमधल्या पोन्तेवेद्रा या सुमारे ८०-८५ हजार वस्तीच्या शहराने १९९९ पासून मध्यवस्तीतली मोटार हटवली आणि तो बदलही टिकला. फरक कशात आहे? चालत पोचता येईल एवढ्या अंतरावर भरपूर लोक राहत असतील, शिकत असतील किंवा काम करत असतील, तर असा रस्ता जगतो. ज्या पेठेत संध्याकाळी सातनंतर कोणी राहतच नाही, तिथे आधी वरच्या मजल्यांवर माणसं आणा. फरशी नंतर बसवा. आणि रस्ता खोदायचाच असेल तर आधी जलवाहिनी आणि गटार बदलून घ्या, एका वेळी एकच तुकडा घ्या, माल उतरवायची वेळ पहाटे ठरवून द्या. खोदकाम लांबलं की लहान दुकानदार दोन हंगाम बुडालेले सोसू शकत नाही, आणि सुशोभीकरण पूर्ण होतं तेव्हा ज्याच्यासाठी ते केलं तोच गेलेला असतो.

आता धंद्यांकडे. शहर कशावर जगतं हे अंदाजाने सांगू नका, मोजा. त्याला लोकेशन कोशंट वापरतात, म्हणजे एखाद्या क्षेत्रातल्या रोजगाराचं शहरातलं प्रमाण भागिले देशातलं प्रमाण. समजा शहरात १२,००० रोजगार आहेत आणि त्यातले ९०० धातुकामात, म्हणजे साडेसात टक्के. देशात हे प्रमाण अडीच टक्के असेल तर कोशंट आला ३. एकाच्या वर बराच, म्हणजे हा माल बाहेर विकला जातोय आणि बाहेरचा पैसा शहरात येतोय. देशाच्या प्रमाणात इथे ३०० लोक पुरले असते. उरलेले ६०० ढोबळमानाने बाहेरच्या बाजारावर जगतात. हा आकडा लहान शहरात एका मोठ्या कारखान्यामुळे फुगू शकतो, म्हणून त्या क्षेत्रात किती आस्थापना आहेत हेही बघा. एकाच कारखान्यात ८५० लोक असतील तर ती ताकद आणि धोका दोन्ही आहे. आणि ज्या व्यवसायांची नोंदच होत नाही ते या आकड्यात येत नाहीत, हे विसरू नका.

मग भेटी सुरू करा. चाळीस ते साठ व्यवसाय निवडा, त्यात पाच ते पन्नास माणसांचे जास्त घ्या. फॉर्म पाठवू नका, जाऊन बसा. विचारायचं एवढंच : गेल्या तीन वर्षांत माणसं वाढली की घटली, मुख्य गिऱ्हाईक कुठलं, कोणता माल बाहेरून आणावा लागतो आणि इथे मिळाला तर घ्याल का, जागेचा भाडेकरार कधी संपतो, पुढे धंदा कोण बघणार, पालिकेकडे अडलेलं काय आहे. यातल्या दोन उत्तरांवर लाल खूण करायची : वर्षभरात संपणारा भाडेकरार, आणि साठी ओलांडलेला मालक ज्याच्यामागे कोणी नाही. चालता धंदा वारसाअभावी बंद पडणं ही लहान शहरातली मोठी आणि कुणाच्या लक्षातही न येणारी गळती आहे. तो कामगारांना किंवा व्यवस्थापकाला विकत घेता यावा म्हणून बँकेशी गाठ घालून देणं, यात पालिकेला जवळपास काहीच खर्च नाही. भेटीत सांगितलेल्या अडचणीचं काय झालं हे आठवड्याच्या आत कळवायला हवं, काम होणार नसेल तरी. तसं झालं नाही तर दुसऱ्या फेरीला कोणी खरं सांगत नाही. या कामाला पूर्णवेळ दोन माणसं पुरतात : एक नकाशा आणि आकडे बघणारा, एक पायपीट करणारा.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या लिटलटन शहराने १९८० च्या दशकाच्या शेवटी, एका मोठ्या कंपनीतली नोकरकपात सोसल्यावर, हाच मार्ग धरला. बाहेरून कारखाने आणण्यासाठी सवलती द्यायच्या नाहीत, त्याऐवजी गावातल्या वाढू पाहणाऱ्या कंपन्यांना बाजारपेठेची माहिती, संभाव्य गिऱ्हाइकांच्या याद्या, नकाशे पुरवायचे. एकट्या छोट्या कंपनीला असे डेटाबेस परवडत नाहीत. शहराने एकदा घेतले की सगळ्यांना वापरता येतात. पुढच्या दीड दशकात तिथले रोजगार सुमारे पंधरा हजारांवरून तीस हजारांच्या घरात गेले. त्याच काळात शेजारचं डेन्व्हर महानगरही वाढत होतं, त्यामुळे सगळं श्रेय या कार्यक्रमाला देता येणार नाही. पण सवलतींशिवाय वाढता येतं एवढं त्यातून नक्की दिसतं.

खरेदी हे दुसरं दुर्लक्षित हत्यार. इंग्लंडमधल्या प्रेस्टनमध्ये नियोजित मोठा व्यापारी प्रकल्प २०११ साली बारगळला. त्यानंतर पालिका, महाविद्यालयं, पोलीस, गृहनिर्माण संस्था अशा मोठ्या संस्था एकत्र बसल्या आणि आपला पैसा कुठे जातो हे त्यांनी तपासलं. शहरातल्या पुरवठादारांकडची खरेदी २०१२-१३ मध्ये सुमारे ३.८ कोटी पौंड होती, ती २०१६-१७ पर्यंत ११ कोटींच्या वर गेली. स्थानिकांना थेट झुकतं माप द्यायला खरेदीचे नियम सहसा परवानगी देत नाहीत. म्हणून मोठ्या निविदेचे लहान भाग पाडायचे, अनामत आणि मागील उलाढालीची अट कामाच्या आकाराएवढीच ठेवायची, आणि बिल तीस दिवसांत चुकतं करायचं. शेवटची गोष्ट जमली नाही तर पहिल्या दोन्हींचा उपयोग नाही. लहान ठेकेदार सहा महिने पैशाची वाट बघू शकत नाही.

मोठ्या उद्योगाच्या बोलणीसाठी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या माउंट प्लेझंटचं प्रकरण वाचावं. २७ हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव. २०१७ साली फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने तिथे १३,००० नोकऱ्यांचा प्रकल्प जाहीर केला, गावाने कर्ज काढून जमीन घेतली, रस्ते आणि पाणी नेलं, लोकांची घरं उठवली. २०२१ मध्ये राज्याशी करार नव्याने झाला, त्यात आकडा होता १,४५४. नंतर तिथली काही जमीन मायक्रोसॉफ्टने घेतली, पण तो योगायोगाचा भाग. प्रत्येक गावाला असा दुसरा गिऱ्हाईक भेटत नाही. राज्याच्या सवलती प्रत्यक्ष नोकऱ्यांशी बांधलेल्या होत्या म्हणून राज्य बरंचसं वाचलं. गावाचा खर्च मात्र आधीच झालेला होता. करार करताना म्हणून एवढं पाहा : सवलत नोकऱ्या भरल्यावर, दरवर्षी तपासून मिळेल, आगाऊ काही नाही. आश्वासन पाळलं नाही तर वसुलीचं कलम आणि त्याला बँक हमी. मुदत पाच ते सात वर्षं, आपोआप वाढ नाही. पाइप आणि रस्ते अशा ठिकाणी न्या की कंपनी आली नाही तरी ते दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील.

लोगो, घोषवाक्य, गुंतवणूकदार मेळावा यांवर पहिल्या तीन वर्षांत पैसा घालू नये.

हद्दीबद्दल. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या १९७३ च्या कायद्याने प्रत्येक शहराभोवती वाढीची सीमारेषा आखली जाते आणि तिच्या आत वीस वर्षं पुरेल एवढी जमीन ठेवली जाते. ही दुसरी अट विसरून नुसती रेषा आखली, आत जास्त बांधायची मुभा दिली नाही, तर जागेचे भाव चढतात आणि लोक रेषेच्या पलीकडच्या गावात जाऊन राहतात. लहान शहरात वाढ बहुधा हद्दीबाहेरच होत असते. शेजारच्या ग्रामीण संस्थेशी पाणी आणि सांडपाण्याचा लेखी करार झाल्याशिवाय तिथे जोडणी देऊ नका.

हे सगळं जमून आलं की पेठेतली भाडी वाढतात, आणि ज्यांनी पडत्या काळात पेठ धरून ठेवली ते आधी बाहेर फेकले जातात. याची तजवीज सुधारणा सुरू होण्याआधी करावी लागते, कारण नंतर जमीन परवडत नाही. पालिकेचे मध्यवस्तीतले भूखंड आणि गाळे विकू नका, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्या. बर्लिंग्टनने १९८४ साली, जेमतेम चाळीस हजार वस्ती असताना, सामुदायिक भूमी न्यास उभा करायला सुरुवातीचं दोन लाख डॉलरचं भांडवल दिलं. त्यात जमीन न्यासाकडे राहते आणि माणूस फक्त घर विकत घेतो. विकताना वाढलेल्या किमतीचा ठरलेला हिस्साच त्याला मिळतो, त्यामुळे पुढच्या खरेदीदारालाही ते घर परवडतं. हीच रचना दुकानाच्या गाळ्यांना लावता येते. पहिल्या वर्षी त्यासाठी दोन-तीन भूखंड आणि त्यांच्या भाडेपट्ट्याचा मसुदा, एवढंच बाजूला काढून ठेवलं तरी चालेल.